बिऱ्हाड एका नगरीत, चाकरी दुसरीत

पोटासाठी घर सोडणे ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. कोकणातील चाकरमानी मुंबईच्या गिरणीत गेला, मराठवाड्यातील कुटुंबे उसाच्या फडावर गेली, पदवीधर प्रथम पुण्यास आणि तेथून विलायतेस व अमेरिकेस गेले. वाटा निरनिराळ्या झाल्या. तथापि एक नियम या सर्वांनी निमूटपणे पाळला. जेथे काम तेथे मुक्काम. गिरणीचा भोंगा जेथे ऐकू येईल तेथेच चाळीतील खोली घ्यावयाची, आणि कचेरी ज्या गावी असेल त्या गावचेच दूध, त्या गावचीच भाजी, त्या गावचाच पाऊस सोसावयाचा, हे इतके ठरून गेले होते की याहून वेगळे काही असू शकेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

हा नियम अलीकडे मोडला आहे. १९९७ साली त्सुगिओ माकिमोतो या जपानी अभियंत्याने डेव्हिड मॅनर्स या इंग्रज लेखकासह ‘डिजिटल नोमॅड’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. संगणक आणि संदेशवहनाची साधने जसजशी लहान व स्वस्त होत जातील, तसतसा मनुष्य पुन्हा प्राचीन काळाप्रमाणे भटका होईल, असे त्यांचे भाकीत होते. त्या वेळी ते कल्पनाविलासासारखे वाटले असल्यास नवल नाही. परंतु २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली, कचेऱ्यांना कुलपे लागली, आणि सिडकोतील, गारखेड्यातील कितीतरी तरुण पुण्याचे बिऱ्हाड बंद करून आईवडिलांच्या घरी परतले. देवघराशेजारच्या खोलीत टेबल मांडून त्यांनी पुण्याचे काम चालविले. पगार मात्र ठरल्या तारखेस जमा होत राहिला. मग काहींच्या मनात साहजिकच आले, की पुण्याचे काम जर गारखेड्यातून होते तर ते लिस्बनहून का होऊ नये?

ही केवळ कल्पना राहिली नाही. बार्बाडोस या छोट्या बेटाने २०२० च्या जुलैत अशा फिरस्त्यांसाठी बारा महिन्यांचा परवाना काढला; अट अशी की वार्षिक प्राप्ती ५०,००० अमेरिकी डॉलर असावी. त्याच वर्षीच्या ऑगस्टात एस्टोनिया या बाल्टिक देशाने तसाच परवाना सुरू केला व आरंभी मासिक ३,५०४ युरोंची प्राप्ती मागितली. पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरात हीच वाट धरली, आणि थायलंडने २०२४ साली पाच वर्षांच्या मुदतीचा परवाना देऊ केला. त्यासाठी पाच लाख बाथ शिल्लक असल्याचा पुरावा लागतो आणि एका खेपेस १८० दिवस राहता येते. अटी निरनिराळ्या असल्या तरी त्यांचा आशय एकच आहे. परदेशी मनुष्याने येथे यावे, राहावे, खर्च करावा. मात्र येथल्या लोकांच्या नोकऱ्यांत वाटेकरी होऊ नये. पूर्वी परदेशी माणसास देशात घेत ते त्याच्या हातांची गरज असे म्हणून. येथे त्याच्या हातांची गरज नाही, खिशाची आहे. हा फरक लहान नव्हे.

या जीवनाचे वर्णन चित्रांतून पाहिले म्हणजे समुद्रकिनारा, नारळाचे पाणी आणि मांडीवरचा संगणक एवढेच दिसते. वस्तुस्थिती अधिक रूक्ष आहे. लिस्बनचे घड्याळ हिवाळ्यात भारताच्या मागे साडेपाच तास असते. म्हणजे पुण्याच्या कचेरीची साडेनऊची बैठक तेथे पहाटे चार वाजता भरते. याच्या उलट न्यूयॉर्कची चाकरी संभाजीनगरात राहून करणाऱ्यास हिवाळ्यात तेथील सकाळचे नऊ गाठण्यासाठी संध्याकाळी साडेसातला कामास बसावे लागते. घरात आरती आणि जेवणे चालू असता हा मनुष्य दार लावून परक्या मुलखाची सकाळ साजरी करीत असतो. करांचा गुंता निराळाच आहे. भारतात वर्षातून १८२ दिवस काढले म्हणजे सामान्यतः येथील रहिवासी ठरतो. कमी काढले तर प्रश्न संपला असे पुष्कळांस वाटते, पण तसे नाही. ज्या भारतीय नागरिकाची परदेशी प्राप्ती वगळता उरलेली प्राप्ती १५ लाखांहून अधिक आहे आणि जो रहिवासाच्या नात्याने कोणत्याच देशात करपात्र ठरत नाही, त्यास २०२०-२१ या वर्षापासून कायदा भारताचाच रहिवासी मानतो. एकूण, चालत्या माणसालाही कोठेतरी उंबरठा असलाच पाहिजे, असे सरकारचे मत दिसते.

परंतु करांपेक्षा आणि घड्याळांपेक्षा अवघड प्रश्न ज्या नगरीत हे पाहुणे उतरतात तिचा आहे. परक्या चलनात कमावणारा मनुष्य स्थानिक भाड्यास हसत हसत होकार देतो, आणि त्याच्या शेजारी तीस वर्षे राहिलेल्या कुटुंबास घरमालक पुढल्या महिन्यापासून वाढीव भाडे सांगतो. मेक्सिको सिटीतील काँडेसा व रोमा या मोहल्ल्यांत या कारणाने असंतोष साचत गेला व २०२५ च्या जुलैत तेथे मोर्चे निघून काही दुकानांच्या काचा फुटल्या. लिस्बनमध्येही घरांच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर उतरले. सर्वच दोष या फिरस्त्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. प्रवासी, घरांचे सट्टेबाज आणि सरकारांची धोरणे यांचाही त्यात वाटा आहे. तरी पण रहिवाशांचा प्रश्न सरळ आहे. तुमचे काम आमच्याशी संबंधित नाही, तुमचा धनी आमच्या गावात नाही, तुमची भाषा आम्हांस येत नाही आणि आमची तुम्ही शिकत नाही. मग भाड्याखेरीज तुमचे-आमचे नाते काय?

या प्रश्नाचा विचार करावयास छत्रपती संभाजीनगरासारखी दुसरी नगरी सापडणे कठीण. हे शहर मुळातच बाहेरून आलेल्यांनी वसविलेले. मलिक अंबर हा हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष. त्याने १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी निजामशाहीची राजधानी उभारली आणि डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. पुढे १६५३ साली दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्यास आपले नाव दिले, आणि ते नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलेपर्यंत चालले. मोगली अमलात उत्तरेकडील सरदार, कारकून, सावकार, वैद्य आपापल्या लवाजम्यासह येथे येऊन राहिले. त्यांचे वतन राजपुतान्यात, त्यांचा बादशहा कधी दिल्लीस तर कधी छावणीत, आणि बिऱ्हाड मात्र येथे. मिर्झा राजे जयसिंग यांच्या नावाचे जयसिंगपुरा, बिकानेरचे राजे करणसिंह यांच्या नावाचे करणपुरा, त्यांचे पुत्र पदमसिंह यांच्या नावाचे पदमपुरा हे पाहुण्यांचेच तळ होत. करणसिंहांचे तर १६६९ साली येथेच देहावसान झाले. आज नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीस जाणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांच्या ध्यानात असेल की आपण एका बिकानेरकराच्या छावणीत उभे आहोत? आणि ते ध्यानात नसावे हेच एका अर्थाने त्या पाहुण्याचे यश आहे.

सरदारांची गोष्ट मात्र सैन्याची व सत्तेची झाली. लेखणीवर जगणाऱ्या माणसाची गोष्ट पाहावयाची तर मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांच्याकडे वळावे लागेल. त्यांचा जन्म १७०४ साली अयोध्या प्रांतातील बिलग्राम येथे झाला. तरुणपणी सिंधमधील सेहवान येथे त्यांचे मामा बादशाही वाकेनवीस होते, त्यांच्या हाताखाली आझाद यांनी काही वर्षे काम केले. वाकेनवीस म्हणजे प्रांतात बसून तेथील वार्ता लिहून दरबारी धाडणारा अधिकारी. मराठेशाहीतील वाकनीस हा शब्द त्याच घराण्यातला. दूरच्या धन्यासाठी दूर बसून लिहिण्याची ही तालीम त्यांना पुढे उपयोगी पडली असावी. हज यात्रेहून परतल्यावर १७४० च्या सुमारास ते औरंगाबादेस आले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १७८६ पर्यंत, हीच नगरी त्यांचे ठिकाण राहिले.

त्यांचा पहिला मुक्काम बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आज ज्यास लोक पाणचक्की म्हणून ओळखतात त्या ठिकाणी होता. बाबा स्वतः बुखाऱ्याकडले, त्यांच्या नावातच मुसाफिर हा शब्द, आणि त्यांची कबर मात्र येथे. डोंगरातून खापरी नळांनी आलेले पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोरावर जाते फिरवावयाचे, आणि त्या जात्याच्या पिठावर फकिरांचे व वाटसरूंचे अन्न चालवावयाचे, अशी तेथील व्यवस्था. या आश्रमात आझाद सुमारे सात वर्षे राहिले. निजामपुत्र नासिरजंग यांच्याशी त्यांचा स्नेह होता, तरी त्यांनी अधिकारपद पत्करले नाही.

आझाद यांचे वाचक कोठे होते? फारसीत लिहिलेले ग्रंथ दिल्ली, लखनौकडील विद्वानांसाठी. आणि ‘सुब्हतुल मर्जान’ हा १७६३-६४ च्या सुमाराचा ग्रंथ तर चक्क अरबीत. त्यात भारतातील विद्वानांची चरित्रे आहेत, आणि भारतीय साहित्यशास्त्रातील अलंकार व नायिकाभेद अरबी वाचकांस समजावून दिले आहेत. खाम नदीच्या काठी बसून नायिकाभेद अरबीत सांगणारा हा पुरुष आजच्या कोणत्याही फिरस्त्याहून कमी दूरदेशी नव्हता. तथापि तो शेजाऱ्यांस पारखा नव्हता, याचे एक प्रमाण इतिहासात राहून गेले आहे. शाहनवाजखान हे त्यांचे मित्र. पदच्युत होऊन औरंगाबादेत घरी बसले असता त्यांनी मोगल सरदारांच्या चरित्रांचा ‘मआसिरुल उमरा’ हा प्रचंड ग्रंथ रचावयास घेतला. १७५८ च्या राजकीय धुमाळीत खानांचा खून झाला, त्यांचा वाडा लुटला गेला, आणि हस्तलिखित नाहीसे झाले. आझाद यांनी शोध सोडला नाही. सुमारे वर्षभराने ती विस्कळीत पाने त्यांच्या हाती लागली. त्यांनी ती लावली, पुरवणी जोडली, प्रस्तावना लिहिली. पुढे खानांचे पुत्र अब्दुल हय यांनी तो ग्रंथ पूर्णत्वास नेला. मोगल अमदानीचा अभ्यासक आज जो ग्रंथ पदोपदी उघडतो, तो एका परगावच्या माणसाने शेजारधर्म पाळला म्हणून उरला आहे. आझाद खुलताबादेस विसावले आहेत.

शंभर वर्षांनंतरची दुसरी गोष्ट शहराची नव्हे, शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठा गावची. पण आजच्या फिरस्त्याशी तिचे साम्य इतके निकट आहे की ती गाळता येत नाही. रॉबर्ट गिल हे मद्रासच्या फौजेतील अधिकारी. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामगिरीवर नेमले. धनी लंडनमध्ये, काम वाघूर नदीच्या खोऱ्यात, बिऱ्हाड अजिंठा गावच्या बारादरीत. पत्र विलायतेस पोहोचावयास महिन्याहून अधिक लागे, आणि चित्रे सागरमार्गे जावयास त्याहूनही अधिक. अंधारी लेणी, वटवाघळे, ओल, भोवती श्वापदांचे रान. अशा ठिकाणी सुमारे एकोणीस वर्षे या माणसाने भिंतीवरील प्रत्येक रेष पाहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत उतरविली. सुमारे तीस भव्य चित्रे झाली. १८५६ पासून त्यांनी छायाचित्रणाची कलाही हाती घेतली. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांनी प्रसिद्ध केलेल्या लेण्यांवरील ग्रंथात गिल यांचीच ७४ छायाचित्रे आहेत.

या अवधीत धनीच नाहीसा झाला! १८५८ साली कंपनी सरकार बरखास्त होऊन राणीचे राज्य आले. नोकर भिंतीसमोर उभाच राहिला. त्याने पाठविलेली चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकगृहात, ज्यास क्रिस्टल पॅलेस म्हणत, तेथे मांडली गेली. आणि १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीस आग लागून तीत ती जळाली. प्रदर्शनात नसलेली चार-पाच तेवढी वाचली. वीस वर्षांचे काम एका रात्रीत राख झाल्याची वार्ता अजिंठ्यास कशी पोहोचली असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. गिल यांनी मात्र पुन्हा आरंभ करण्यासाठी रंगसाहित्य मागविले. १८७९ च्या एप्रिलात भुसावळ येथे त्यांचे निधन झाले व तेथेच दफन झाले. तोवर जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने करीत होते; आणि त्यांचीही पुष्कळ चित्रे लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेली. योगायोग म्हणून सोडून द्यावयाचे तर द्यावे. पण ज्या चित्रांना डोंगराने हजार-दीड हजार वर्षे सांभाळले त्यांच्या प्रती दूरच्या धन्याच्या घरी वीस वर्षेही टिकल्या नाहीत, हे मनास लागल्यावाचून राहत नाही.

गिल यांनी त्या भिंतींकडे जितके लक्ष देऊन पाहिले तितके त्या काळी क्वचितच कोणी पाहिले असेल. तरी जे केले ते सर्व लंडनसाठी. अजिंठा गावाच्या वाट्यास काय आले? एक कबर. पारो नावाची तेथील स्त्री त्यांच्या जीवनात आली होती. ती २३ मे १८५६ रोजी वारली. गिल यांनी तिच्या कबरीवर आपल्या प्रीतीचे चार शब्द इंग्रजीत कोरविले. गावातील कोणास ते वाचता येत नव्हते. आणि तरीही गावाने विसरावयाचे नाकारले. कवी ना. धों. महानोर यांनी त्या दोघांवर दीर्घकाव्य रचले, त्यावरून २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी चित्रपट काढला. गावाने त्यांचे लक्षात ठेवले ते कौशल्य नव्हे. एका परक्याने येथल्या माणसात जीव गुंतविला, एवढेच ठेवले.

आता तिसरे उदाहरण, आणि ते सर्वांत सविस्तर सांगण्यासारखे आहे. दिल्लीजवळच्या हापुड येथे १८७० साली जन्मलेले, अलीगढास शिकलेले मौलवी अब्दुल हक हे निजाम सरकारच्या शिक्षण खात्यात अधिकारी होऊन औरंगाबादेस आले. १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दू या अखिल भारतीय संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. संस्थेचे सभासद, देणगीदार आणि वाचक लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत पसरलेले. अशा संस्थेचे दप्तर दिल्लीस, निदान अलीगढास असावे असे कोणीही म्हटले असते. मौलवीसाहेबांनी ते १९१३ साली औरंगाबादेस आणले व पंचवीस वर्षे येथूनच चालविले. मनमाडहून निजामच्या मुलखात जाणारी मीटर गेजची आगगाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली होती. तीच त्यांची आंतरजाल-व्यवस्था म्हणावयाची! मुद्रिते, हस्तलिखिते, वाद, खुलासे, सारे टपालाच्या थैलीतून येई आणि जाई. १९२१ साली येथून ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघू लागले, आणि १९३७ साली इंग्रजी-उर्दू असा मोठा कोशही येथूनच प्रसिद्ध झाला.

इतके काम करणाऱ्यास शहराकडे पाहण्यास सवड न झाली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु अब्दुल हक यांच्या कार्यात या भूमीचा अंश जागोजाग उतरला. उत्तरेकडील पंडितांच्या समजुतीप्रमाणे उर्दूचे साहित्य दिल्लीत सुरू होते. दख्खनमध्ये राहिल्यामुळे त्यांच्या हाती जुन्या दख्खनी भाषेची हस्तलिखिते आली. वजहीचा ‘सब रस’ हा १६३५ सालचा गद्यग्रंथ त्यांनीच संपादून छापला, आणि भाषेच्या इतिहासाची सुरुवात शेकडो मैल दक्षिणेस सरकली. ज्या मराठीच्या गजबजाटात ते राहत होते तिच्याकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. मराठी भाषेवर फारसीचा प्रभाव या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. फडणवीस, चिटणीस, दप्तर, हजेरी हे शब्द ज्याच्या कानावर रोज पडतात त्यास असे पुस्तक सुचते. हापुडास बसून ते सुचले असते असे वाटत नाही.

त्यांचे वास्तव्य काही काळ बीबी-का-मकबरा या वास्तूच्या बागेतील बंगल्यात होते. त्या बागेची देखरेखही त्यांच्याकडे होती. लिहिण्याचे टेबल एका मोठ्या खिडकीसमोर मांडलेले. ज्याने परदेशी नगरीत दूरची चाकरी केली आहे त्यास ही खिडकी चांगली परिचयाची आहे. टेबलावर एक जग आणि काचेपलीकडे दुसरे. बहुतेकांच्या बाबतीत काचेपलीकडील जग देखाव्यापुरते राहते. मौलवीसाहेबांच्या खिडकीत मात्र एक माळी दिसू लागला. त्याचे नाव नामदेव. त्या काळी अस्पृश्य लेखल्या गेलेल्या जातीत जन्मलेला. लिहिता लिहिता मान वर करावी तो हा एखाद्या रोपासमोर बसलेला असे. आळे साफ करी, पाणी घाली, दोन पावले मागे सरून रोपाकडे पाही आणि स्वतःशीच हसे. प्रथम केवळ मौज वाटली, मग कुतूहल वाटले, आणि हळूहळू हातची लेखणी बाजूस ठेवून पाहणे सुरू झाले.

नामदेवास मूलबाळ नव्हते. रोपे हीच त्याची मुले. एखादे किडले तर वैद्यासारखा उपचार करी, जगले की त्याचा चेहरा फुले. झाडपाल्याची पारख असल्याने लहान मुलांच्या दुखण्यावर तो औषध देई, लांबून बोलावणे आले तरी जाई, आणि मोबदला घेत नसे. मग एका वर्षी अवर्षण पडले. मराठवाड्यातील श्रोत्यांस ते कसे असते हे सांगावयास नको. विहिरी आटल्या, बागेतील झाडे माना टाकू लागली. नामदेवाचा चमन तेवढा हिरवा राहिला. तो दिवसा व रात्रीसुद्धा दुरून डोक्यावर घागरी वाहून आणी, आणि पुढे पुढे ते पाणीही पाणी राहिले नाही, गढूळ चिखल झाला, तरी तोच रोपांचा प्राण ठरला. यासाठी मौलवीसाहेबांनी बक्षीस देऊ केले तेव्हा त्याने घेण्याचे नाकारले. स्वतःची मुले सांभाळल्याबद्दल कोणी इनाम घेतो काय, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते.

नामदेवाचा अंत कामातच झाला. एके दिवशी मधमाश्यांचे मोहोळ उठले. इतर माळी पळून लपले. हा आपल्या कामात इतका गढलेला की काय होत आहे हे त्यास कळलेच नाही. माश्यांनी त्यास घेरले आणि त्या दंशांनीच तो गेला.

अब्दुल हक यांनी त्यावर एक व्यक्तिचित्र लिहिले. त्यांनी आपल्या काळातील थोरामोठ्यांची जी शब्दचित्रे काढली त्यांच्या संग्रहात, मोठमोठे विद्वान व सुधारक यांच्या ओळीत, या माळ्यास जागा दिली. यात मेहेरबानीचा सूर नाही. ज्याने पंचवीस वर्षे भाषेची सेवा केली त्याने, आपल्याहून निष्ठेने सेवा करणारा मनुष्य खिडकीतून पाहिला व तसे लिहून ठेवले, इतकेच. त्यांच्या पुढल्या राजकीय भूमिकेविषयी पुष्कळांचे मतभेद असतील आणि ते अकारण नाहीत. १९३८ साली अंजुमनचे दप्तर दिल्लीस गेले. फाळणीनंतर मौलवीसाहेब कराचीस गेले व १९६१ साली तेथेच वारले. औरंगाबादेस ते पुन्हा राहावयास आले नाहीत.

लिस्बन किंवा टॅलिनला निघालेल्या तरुणास परवान्याचे अर्ज, विम्याचे कागद आणि बँकेची शिल्लक या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील. खिडकी कोणत्या दिशेस उघडते आणि तीतून कोण दिसतो, हे मात्र अर्जात विचारीत नाहीत. मुक्काम सहा महिन्यांचा असो की पंचवीस वर्षांचा, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची भाषा शेपन्नास शब्दांपुरती तरी शिकता येते. भाडे ठरविताना शेजारी काय देतो हे विचारता येते. आणि संध्याकाळी, न्यूयॉर्क जागे होण्यापूर्वी, खाली उतरून चार घरे फिरून येता येते. कंपनीने दिलेल्या कामात याची नोंद होणार नाही.

मकबऱ्याची बाग आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. माळी बदलले, रोपे बदलली. परंतु नामदेव माळ्यावरील तो लेख उर्दूच्या क्रमिक पुस्तकांत गेला, आणि पाकिस्तानातील शाळांतही तो शिकविला गेला आहे. ज्यांनी हे शहर कधी पाहिले नाही, अशा मुलांनी तेथे या मराठी माळ्याच्या रोपांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे लिहिली आहेत.